खैराचं दार

ही गोष्ट सोळा आणे खरी आहे. सांगणाऱ्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे सांगणारा तेव्हा जन्मला नव्हता, पण ज्याने त्याला सांगितली त्याने पाहिली होती. तो आंधळा होता ही गोष्ट वेगळी. कान मात्र तिखट होते.

तर फार फार वर्षांपूर्वी, झाडं माणसांना नावानिशी ओळखत त्या काळी, एका राज्यात एक दरवान होता. तीस वर्षं तो राजवाड्याच्या दारात उभा राहिला. माणसं अडवणं एवढंच त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा खुद्द राजा वेश पालटून आला, तर त्यालाही याने तासभर उन्हात तिष्ठत ठेवलं. राजा घामाघूम झाला आणि खूशही झाला. दरवान म्हातारा झाल्यावर राजाने त्याला रानाच्या कडेला घरापुरती जागा दिली.

दरवानाने घर बांधलं. भिंती उभ्या राहिल्या, वर कौलं चढली, जातं मांडलं गेलं. राहिलं ते दार.

"अहो, दार हलकं करा," बायको म्हणाली. "मला एका हाताने उघडता आलं पाहिजे. दुसऱ्या हातात सदा काहीतरी असतंच."

"घराचा मान दारावर असतो. तुला त्यातलं काय कळतं? मी तीस वर्षं दारात काढली आहेत."

"दाराबाहेर काढलीत," बायको म्हणाली. "आत राहून बघा एकदा."

दरवानाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सुताराला बोलावलं. सुतार म्हातारा होता, कानावर पेन्सिलीऐवजी कोळशाचा तुकडा ठेवणारा. त्याने चौकटीची जागा वितीने मापली आणि विचारलं, "या दारातून कोण कोण येणार?"

"कोण येणार नाही ते विचारा," दरवान म्हणाला. "चोर येणार नाही, भिकारी येणार नाही, फुकटचा पाहुणा येणार नाही."

"बरं. मग चौकट सागाची करू आणि फळ्या शिवणीच्या."

"शिवण? सुतारदादा, दार करायचंय, झबलं शिवायचं नाहीये!"

सुतार हसला नाही. त्याने हा विनोद आधी बऱ्याच गिऱ्हाइकांकडून ऐकला होता. "शिवण हलकी असते, पण वाकत नाही. पावसाळ्यात फुगून बसत नाही. आणि बाहेरून बोटाने टकटक केली तरी आत माजघरात ऐकू येते."

"टकटक मला ऐकायचीच नाही. तीस वर्षं तेच ऐकलं. मला खैराचं दार हवं. खैराचं दार केलं, की चोराची खैर नाही!"

"खैराची मुसळं होतात, मालक. दारं होत नाहीत. त्याची रुंद फळीच निघत नाही."

"तुकडे जोडा. लोखंडाच्या पट्ट्या मारा. पण दार खैराचंच."

सुताराने कोळसा पुन्हा कानावर ठेवला आणि म्हणाला, "दार तुमचं, हात माझे."

दुसऱ्या दिवशी दरवान खैर निवडायला रानात गेला. तिथे एका शिवणीच्या खोडावर सुतारपक्षी बसला होता. त्याने मान वाकडी करून याच्याकडे पाहिलं.

"दारासाठी लाकूड बघतोस? मग हे घे. मी सगळी झाडं ठोकून पाहिली आहेत."

"तू भोकं पाडणारा," दरवान म्हणाला. "तुला मऊ लाकूडच गोड लागणार."

"लागतंच. पण खैरावर मी चोच का मारत नाही, ठाऊक आहे? कितीही ठोका, आतून कोणी ओ देत नाही."

"मला तेच पाहिजे," असं म्हणून दरवानाने कुऱ्हाड खांद्यावर घेतली आणि खैराकडे वळला. पक्षी आपल्या कामाला लागला. पक्ष्यांना दुसऱ्याच्या घराची फार काळजी नसते.

खैराचे चाळीस तुकडे जोडून दार झालं. ते बसवायला आठ माणसं लागली आणि नवव्याने नुसता आरडाओरडा केला. काळसर लाल, चार बोटं जाड, लोखंडाने मढलेलं. त्याला अडसराची गरजच नव्हती, त्याचं वजन हाच अडसर. दरवान सकाळी सगळा जोर लावून ते आत ओढायचा, संध्याकाळी खांदा लावून बंद करायचा. मध्ये कुठे जायचं झालं तर लावूनच जायचा, कारण दार उघडं टाकून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. बायको दोन्ही हातांनी कडी ओढायची आणि हात चोळत परत यायची. परसदार ठेवू दिलं नव्हतंच. दोन दारं म्हणजे दोन दरवान, असा त्याचा हिशेब.

"राजाच्या तुरुंगात निदान बोलायला पहारेकरी तरी असतो," ती म्हणायची.

त्यांना एक मुलगी होती. चार कोसांवरच्या गावात दिलेली. तिला दिवस गेले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. तिला आणायला दरवान दशमीला जाणार होता. पण सासूने विचार केला, दिवस अवघडत चालले, वाट खडबडीत. म्हणून तिने चार दिवस आधीच धाकट्या मुलाबरोबर सुनेला बैलगाडीतून धाडलं.

नेमका त्याच दिवशी दरवान राजाला मुजरा करायला राजधानीला गेला होता. अर्थात दार लावून.

भर दुपारी गाडी दारात थांबली. मुलीने दार वाजवलं. मग हाक मारली. मग पुन्हा वाजवलं, तळहाताने, मग मुठीने. आत आई जात्यावर दळत होती. खैराच्या चार बोटांतून काही तिच्यापर्यंत पोचलं नाही. दिराने दार ढकलून पाहिलं. ते तसूभर हललं नाही.

"आतून अडसर घातलाय, वहिनी."

"घरात कोणी नसेल."

दीर लहान होता, पण डोळस होता. "छपरातून धूर येतोय," तो म्हणाला.

मुलीने धुराकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. आणखी एकदा हाक मारली, आता हळूच. मग ती गाडीत जाऊन बसली.

दळण संपलं तेव्हा आईला घुंगरांचा आवाज आला. ती धावत दाराशी आली आणि पाय भिंतीला लावून तिने कडी ओढली. दार बोटभर सरकलं. त्या फटीतून तिला लेकीची पाठ दिसली. तिने हाक मारली, पण बैल उताराला लागले होते आणि घुंगरं मोठ्याने वाजत होती.

दिवस मावळताना दरवान परतला. दारात पायाखाली कचकन काहीतरी वाजलं. त्याने वाकून पाहिलं तर हिरव्या काचा. तीन-चार बांगड्या वाढल्या होत्या तिथे. खांदा लावून तो आत शिरला. बायको दारामागे जमिनीवर बसली होती.

"लेक आली होती," ती म्हणाली.

"मग?"

"मग गेली."

दरवान त्याच पावली निघाला. चार कोस चालून व्याह्यांच्या दारात पोचला. ते दार आधीच उघडं होतं. विहीणबाईंनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला आणि दोन कडू शब्दही दिले. "आमच्या सुनेला माहेर नाही, असं समजतो आम्ही. बाळंतपण इथेच होईल."

"अहो, घरात ही एकटीच होती. तिला दार उघडेना."

"स्वतःच्या घराचं दार?" विहीणबाई म्हणाल्या.

मुलगी म्हणाली, "बाबा, मी रागावले नाही. पण मी हाका मारत होते आणि धूर दिसत होता." एवढंच बोलून ती आत गेली.

सुतार पुन्हा आला. शिवणीच्या वाळवलेल्या फळ्या त्याच्या माळ्यावर तयारच होत्या. "गिऱ्हाईक चुकतं," तो म्हणाला, "पण येतं परत." आठ दिवसांत नवं दार लागलं. खैराच्या दाराची मुसळं झाली, चांगली झाली. अजून त्या गावात कांडताना कोणी ना कोणी दरवानाचं नाव घेतं.

मुलगी सव्वा महिन्याच्या बाळाला घेऊन आली, तेव्हा तिच्या आईने नातवाला पहिल्यांदा पाहिलं. लेकीला कळा आल्या तेव्हा आई जवळ नव्हती. नवं दार कितीही चांगलं असलं तरी तो दिवस त्यातून परत आत येत नाही. दरवान चार माणसांत उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, "तू सांगत होतीस तेच खरं होतं."

तात्पर्य: घराच्या दाराला लाकूड निवडताना कोणाला अडवायचं हे मागाहून बघावं, कोणाला आत घ्यायचं हे आधी.

आता एक कबुली. चाळीस तुकडे खरे, नऊ माणसं खरी, सुतारपक्षी बोलला तेही शब्दन् शब्द खरं. नवरा चार माणसांत बायकोला तसं म्हणाला, तेवढं मात्र पदरचं घातलं आहे.