रिकाम्या जागेचा सण

फार वर्षांपूर्वी, रोजच्यासारख्याच एका सकाळी मुंग्यांची रांग गुळाच्या ढेपेकडे चालली होती. तानीच्या पुढे रोज तिची थोरली बहीण गोदू चालायची. त्या दिवशी गोदू वाट शोधायला एकटीच पुढे गेली होती. एवढ्यात एक मुंगळा धावत आला.

"तानी, ओट्यावर पाणी सांडलं गं. तुझी गोदूअक्का वाहून गेली."

तानी थबकली. "मी तिला शोधून येते."

"आणि रांग मोडली तर? वारुळात पिल्लं उपाशी आहेत," म्होरकी म्हणाली. "चल, पुढची जागा भरून काढ."

तानी चालू लागली, पण अक्काची जागा तिने भरली नाही.

मागून ओरडा झाला, "अगं, सरक की पुढे! तिथे काय राणीसाहेब चालणार आहेत?"

ती सरकली नाही.

पुढे दरवर्षी त्या दिवशी ती तेवढी जागा सोडून चालायची. हळूहळू सगळ्याच सोडू लागल्या. आता त्याचा सण झाला आहे. पोरी साखर चघळत विचारतात, "तानीआजी, जागा कुणासाठी सोडायची?"

"जिची आठवण येईल तिच्यासाठी," तानी सांगते.

त्या सकाळी रांग सोडून गोदूला शोधायला जायचं मात्र तिच्याकडून राहून गेलं.