देवदूतांच्या खोलीची किल्ली

चर्चच्या मंडळीच्या सभेत पंच इमानुएलराव पाटोळे कडाडले, "आजची तरुण पिढी देवाच्या कामात दिसतच नाही! चर्चच्या स्वयंपाकखोलीत नुसत्या पार्ट्या. किल्ली इकडे द्या!"

तरुणांची तोंडं उतरली. तिथंच तर दर रविवारी, कसलाही गाजावाजा न करता, ते दवाखान्यातल्या लोकांसाठी खिचडी रांधत.

त्यांच्यातलीच एका घरची नवी सून सुकृपा, जिचा आवाज अजून सासूनेही धड ऐकला नव्हता, किल्ली घेऊन उठली. "देते, काका. पण काकू दवाखान्यात होत्या तेव्हा देवानं काय केलं, ती तुमची साक्ष आधी ऐकवा ना."

साक्ष द्यायला पाटोळ्यांना आग्रह लागत नसे. "मी उपाशी बसलेलो. कुणीतरी गरम खिचडी हातात ठेवली. डोळे मिटून प्रभूचे आभार मानले, उघडले तर समोर कुणी नाही! देवदूतच ते!"

"देवदूत तोवर शेवटच्या खाटेपाशी पोचले होते, काका. तुमची प्रार्थना जरा लांबते. आता पुढच्या रविवारी त्यांनी शिजवायचं कुठं, तेवढं सांगा."

सभा हसली, काकू सगळ्यांत मोठ्यानं.

पाटोळ्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "ठेव पोरी किल्ली. रविवारी कांदे चिरायला मी येतो."

"या की," सुकृपा म्हणाली, "प्रार्थना तेवढी घरून करून या."