गेरूचा डाग

मुलांनो, एका पवित्र डोंगराच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळीत एक लांडगा आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत असे. डोंगराच्या माथ्यावर खडकात खोदलेले एक टाके होते. जन्मात एकदा तरी त्या टाक्याचे पाणी प्यावे, अशी रानातल्या साऱ्या प्राण्यांची श्रद्धा होती. वर जायला दोन वाटा होत्या. एक वळणावळणाची, लांबची, झाडांच्या सावलीतून जाणारी; दुसरी थेट कड्यावरची. कड्याला जागोजागी ओला गेरू होता. त्या वाटेने जाऊन येणाऱ्याच्या छातीला तो लागे, आणि मग पायथ्याच्या पाणवठ्यावर सगळे प्राणी बाजूला होऊन त्याला आधी पाणी पिऊ देत. लांडग्याचा जीव त्या डागावर जडला होता.

एके दिवशी म्हातारी म्हणाली, "लेकरा, तुम्हा पिल्लांना वाढवता वाढवता माझे वर जायचे राहूनच गेले. आता फार दिवस उरले नाहीत. मला एकदा टाक्यापर्यंत ने." लांडगा आनंदाने तयार झाला. त्याचे आईवर प्रेम नव्हते, असे मुळीच समजू नका. पहाटेच दोघे निघाले. दोन वाटा फुटतात तिथे एक कासव लांबच्या वाटेला लागले होते. ते म्हणाले, "या माझ्यामागून. संध्याकाळपर्यंत पोहोचू. वाटेत झराही आहे."

लांडगा हसला. "तुझ्यामागून आलो तर पाणवठ्यावर आम्हाला कोण विचारणार?"

आई कड्याकडे पाहत म्हणाली, "अरे, माझ्या पायांना लांबचीच वाट झेपेल."

"आई, छातीला गेरू लावून परत आलीस, की सगळे रान तुला मान देईल बघ. आणि मी आहे ना!"

लेकाचा हिरमोड नको, म्हणून म्हातारी त्याच्यामागून कड्याच्या वाटेला लागली.

कड्याच्या मध्यावर तिचे पाय लटपटू लागले. एका अरुंद कपारीत ती बसली ती बसलीच. वर चढवेना, खाली उतरवेना. ऊन तापले. लांडग्याने तिला मागून ढकलले, मानेला धरून ओढले, दिवसभर धडपड केली. शेवटी ती क्षीण आवाजात म्हणाली, "पाणी दे रे." तो धापा टाकत एकटाच माथ्यावर गेला. टाक्याच्या काठी कासव शांतपणे पाणी पीत होते. "आई कुठे आहे?" कासवाने विचारले. लांडग्याने घाईने टाक्यात तोंड बुडवले. टाक्याजवळ आणखी कुणीच नव्हते. कोण कोणत्या वाटेने आले, हे तिथे विचारणारेही कुणी नव्हते.

तोंडात पाणी धरून तो घाईघाईने उतरू लागला. थेंबही सांडू नये म्हणून त्याने जबडा घट्ट मिटला होता, त्यामुळे आईला हाक मारता येईना. कपारीत पोहोचताच त्याने ते पाणी तिच्या तोंडात सोडले. ते जबड्याच्या कडेने खाली ओघळले. म्हातारी गेली होती. तिच्या छातीला मात्र गेरू लागला होता.

दुसऱ्या दिवशी लांडगा पाणवठ्यावर आला. त्याची छाती लालभडक झाली होती. ससे, हरणे, रानडुकरे, सगळे अदबीने बाजूला झाले. एक कोल्हा कौतुकाने म्हणाला, "या, या, आधी तुम्ही प्या." लांडग्याने पाण्याला तोंडही लावले नाही. तो एका कडेला छातीइतक्या पाण्यात उतरला आणि तो डाग जाईपर्यंत अंग घासत राहिला. मग बाहेर येऊन सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

तात्पर्य : वाट निवडताना चार जण काय म्हणतील हे पाहू नये, आपल्याबरोबर जो सर्वांत थकलेला असेल, त्याचे पाय पाहावेत.