दहातले दोन

"बाबा, लोक अजून तुमच्याकडेच का येतात?"

येसूबाबांच्या दारात डॉ. मंदार उपासनींनी वहाणा काढण्याआधीच विचारलं.

येसूबाबा माणदेशातले पाणाडे. तळहातावर नारळ आडवा धरून रानातून चालायचे. नारळ उभा राहील तिथे लोक बोअर पाडायचे.

उपासनींनी विद्यापीठात नऊ वर्षं खपून जमिनीखालचं पाणी दाखवणारं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. सगळ्यांना फुकट. परदेशात वाहवा झाली, इथे शालही मिळाली. वापरणारा मात्र एक नाही. महिनाअखेरीस विद्यापीठ सगळं गुंडाळणार होतं.

"दहातले किती नारळ खरे ठरतात तुमचे?"

"पाच. कवा चार."

"चाचण्यांत माझे आठ!"

"ठावं हाय. म्हनून तर कारंडेवाडीची हौसाबाई तुमच्याकडं धाडली व्हती."

उपासनींचा आवाज उतरला.

"आली होती. कसं चालवायचं विचारत होती. मी कामात होतो... पुस्तिका दिली."

"केवढी?"

"दोनशे चाळीस पानं."

"इंग्रजी?"

उपासनींनी मान डोलावली.

"त्येच बाड घिऊन माझ्याकडं आली. मला कुठं वाचाया येतंय? मग... नारळ घेतला."

"पाणी लागलं?"

"चारशे फूट. निस्ता फुफाटा."

कारंडेवाडीचा नकाशा उपासनींना पाठ होता.

"ओढ्यापलीकडे पाणी आहे, बाबा. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये स्पष्ट दिसतं."

"असंल की."

"पुन्हा बोअर घ्यायला सांगा त्यांना."

"वाडीकडं पैका एकाच बोअरीचा व्हता."

अंगणात नारळाची शेंडी वाऱ्याने इकडून तिकडे सरकत होती.

मग बाबांनी काठी घेतली.

"कुठे निघालात?"

"कारंडेवाडीला. बोअर कोरडी गेली तवापास्नं रोज जातो. हौसाबाईच्या वट्यावर बसतो."

"बसून काय करता?"

"शिव्या खातो. बाया घागरी घिऊन कोसभर जात्यात, जाताना देत्यात. येताना बी देत्यात."

"आणि तरी पुढच्या वेळी तुम्हालाच बोलावतील?"

"बोलावत्यात खरं."

"पण का?" उपासनी जवळजवळ ओरडले. डोळे भरून आले होते. "माझे दहातले आठ बरोबर येतात, बाबा!"

बाबा उंबऱ्यात थांबले.

"अन् उरलेल्या दोघांच्या वट्यावर कोन बसतं, सायेब?"