पंपखोलीची घरपट्टी

नगरपालिकेने सुगंधाक्कांच्या परसात पाण्याची पंपखोली बांधली आणि वर तिची घरपट्टीही अक्कांच्याच नावावर चढवली. अक्कांनी हेलपाटे घातले, पण मुख्याधिकाऱ्यांनी दाद दिली नाही. उलट एके सकाळी थकबाकीदारांची अब्रू काढणाऱ्या हलगीवाल्याला घेऊन साहेब दारात हजर!

"पट्टी भरा, नाहीतर सील ठोकतो!"

"राहत्या घराची भरलीय मी. थकलीय ती मागच्या खोलीची. ठोका तिलाच."

साहेबांनी आत न डोकावता ऐटीत सील ठोकलं. दुसऱ्या दिवशी गावभर नळ कोरडे! साहेब तोंडाचा साबण न धुताच धावत आले.

"अक्का, फाटक उघडा, खोलीचं सील काढायचंय!"

"खोली कुणाची?"

"नगरपालिकेची, आणखी कुणाची!"

रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या हलगीवाल्याकडे अक्का वळल्या. "मामा, वाजवा हलगी. थकबाकीदार सापडला!"