नागनाथचा झाकलेला पाय

माळरानावरच्या एका गावाला एकच पायविहीर होती. लोक पायऱ्या उतरून खाली जायचे, गुडघाभर पाण्यात उभे राहून घागरी भरायचे आणि वर यायचे. विहीर राजाच्या पणजोबांनी बांधलेली, कडेला दगडी हत्ती कोरलेले. गावाला तिचा भारी अभिमान. आणि त्याच गावाला नारूही होता. तुम्हाला नारू ठाऊक नसेल तर बरंच आहे. पायाला फोड येतो, तो फुटतो आणि त्यातून सुतासारखा लांबच लांब किडा कित्येक दिवस बाहेर येत राहतो. नेमकी पेरणी आली की अर्धं गाव खाटेवर पडायचं.

समुद्रापलीकडच्या देशात वैद्यकीची मोठी पाठशाळा आहे आणि तिथे ह्या रोगावर इलाज शिकवतात, असं राजाच्या कानावर आलं. त्याने गावातला हुशार तरुण नागनाथ ह्याला वर्षभरासाठी तिकडे धाडायचं ठरवलं. तो निघाला तेव्हा त्याची थोरली बहीण धुरपा खाटेवरच होती. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं होतं. दोन महिने तिचा पाय जमिनीला टेकला नव्हता.

"नागू, इलाज शिकूनच ये," ती म्हणाली. "आता दुसरा पाय गेला तर मी काही उठायची नाही."

नागनाथने नुसती मान हलवली.

गावात असताना कुणी विचारलं तर नागनाथ स्वतःला वरच्या आळीचा म्हणवायचा. खालच्या आळीच्या लोकांशी त्याचं कधी धड बोलणंही नव्हतं. पाठशाळेत मात्र वरची आळी कुणाला माहीत असणार? तिथे सगळे एकच विचारायचे, देश कुठला? नागनाथने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या देशाचं नाव घेतलं. घरी उकडतं म्हणून न घातलेलं पागोटं तो तिथे रोज बांधू लागला. आमचे आंबे, आमच्या ओव्या, आमची हत्तींची विहीर, असं भेटेल त्याला सांगत सुटायचा. हसू नका हो त्याला. परक्या मुलखात माणसाला काहीतरी घट्ट धरून ठेवावं लागतं, आणि त्याच्याजवळ तेवढंच होतं.

त्या पाठशाळेची एक रीत होती. ज्याच्या देशात रोग असेल त्याने आधी उभं राहून तो सांगायचा, मगच गुरुजी तो शिकवायचे. कुणाच्याच देशात नसेल तर पुढचा धडा. चौथ्या महिन्यात गुरुजींनी विचारलं, "पायातून सुतासारखा किडा निघतो, असा रोग कुणाच्या देशात आहे?"

वाळवंटातल्या देशाचा मीर नावाचा एक विद्यार्थी होता. तो खुदकन हसला. "किडे निघणारी माणसं? असला देश तरी कुठला?"

सगळा वर्ग हसला. नागनाथच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो उठून म्हणाला, "आमच्या देशात असलं काही नाही. आमच्या विहिरीचं पाणी अमृत आहे." गुरुजींनी पान उलटलं आणि मुतखड्याचा धडा सुरू केला.

त्या दिवशी नागनाथला जेवण गेलं नाही. धुरपाक्काचा पाय त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. नंतर पोथ्यांतून शोधून काढू, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण पोथ्यांत काही सापडलं नाही, आणि गुरुजींना विचारायचं म्हणजे खोटं कबूल करायचं. एकदा देशाची शान राखली, आता ती घालवायची कशी? असे महिने जात राहिले.

वर्ष संपायला आठ दिवस उरले आणि नागनाथच्या घोट्याला फोड आला. तो फुटला, त्यातून पांढरं टोक डोकावलं. निघायच्या आधी प्यायलेलं गावचं पाणीच ते. नागनाथने पाय उपरण्याने करकचून बांधला आणि मुरगळला म्हणून सांगितलं. ठणका असा लागला की ओठ चावून बसावं लागायचं. इतकं झालं तरी तो गप्पच.

शेवटच्या दिवशी गुरुजी म्हणाले, "उद्या तुमची जहाजं सुटतील. कुणाचं काही विचारायचं राहिलं आहे का?"

नागनाथ उठला. लंगडत पुढे गेला, पाय चौरंगावर ठेवला आणि सगळ्यांसमोर उपरणं सोडलं. "हा आमच्या देशातला रोग आहे, गुरुजी. मी खोटं बोललो. माझी बहीण ह्याने खाटेला खिळली आहे आणि मी रिकाम्या हाताने घरी निघालोय." एवढं बोलून तो सगळ्यांदेखत रडला.

कुणी हसलं नाही. मीर उभा राहिला. "आमच्याकडे पोरं दिवस मावळला की आंधळी होतात," तो खाली बघत म्हणाला. "तो धडा आला तेव्हा मीही गप्प राहिलो." मग आणखी दोघे उठले.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "म्हणजे वर्षभर मी निरोगी देशांच्या मुलांना वैद्यकी शिकवत होतो."

त्यांनी जहाजं दोन दिवस थांबवायला लावली. काडीला गुंडाळत तो किडा रोज बोटभर कसा काढायचा, ते नागनाथच्याच पायावर दाखवलं. पण खरा इलाज विहिरीत होता. दुखरा पाय पाण्यात बुडतो, त्यातून रोग पाण्यात उतरतो आणि तेच पाणी गाव पितं. पायऱ्या बंद करायच्या, पाणी वरून दोराने शेंदायचं, दुहेरी फडक्याने गाळून प्यायचं.

नागनाथ गावी परतला आणि त्याने हे चावडीवर सांगितलं. पाटील भडकले. "परदेशाचं पाणी चाखून आलास आणि राजाच्या विहिरीला नावं ठेवतोस? तू आता आमचा राहिला नाहीस."

नागनाथने धोतर वर करून पायावरचा व्रण दाखवला. "पाटीलबाबा, तिकडे मी ह्या विहिरीला अमृत म्हणालो. तेव्हा मी तुमचा नव्हतो. आज आहे."

चावडीच्या कडेला बसलेली धुरपा भिंतीला धरून उठली. तिने अंगणातला एक धोंडा उचलला, खुरडत विहिरीपर्यंत नेला आणि वरच्या पायरीवर ठेवला. तिच्यामागून एकेक माणूस उठलं. नागनाथ वरच्या आळीत फिरला तसाच खालच्या आळीतही दारोदार फिरला आणि पाणी गाळायला शिकवत राहिला.

आधीच पोटात गेलेल्या पाण्यामुळे पहिल्या वर्षीही माणसं आडवी पडली. लोकांनी नागनाथला शिव्या घातल्या आणि त्याने त्या मुकाट ऐकल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र पेरणीला अख्खं गाव शेतात होतं, आणि धुरपाची तिफण सगळ्यांच्या पुढे चालली होती.

तात्पर्य: परक्या मुलखात गेलं की आपला देश आपला वाटू लागतो, हे चांगलंच आहे, पण देशाचं दुखणं झाकणारा अभिमान देशाच्या कामी येत नाही. ज्याला देशाची खरी माया असेल, त्याने लाज गिळून ते दुखणं आधी उघडं करावं.