व्हयखडप

खवळेवाडीच्या बंदरासमोर ओहोटीला एक गंजलेली डोलकाठी पाण्याबाहेर दिसते. तिच्या भोवतीच्या खडकाळ पट्ट्याला सगळे व्हयखडप म्हणतात. नाव ऐकून पाहुणे हसले, की म्हातारे गुणाजी तांडेल त्यांना वाळूवर बसवून ही हकीकत सांगतात.

मोठ्या लढाईत इथे एक मालाची बोट बुडाली, म्हणे. माणसे गावाच्या होड्यांनी वाचवली. काही वर्षांनी बोटीचे पोट फुटले आणि काळे तेल खडपावर चढू लागले. खडकाला चिकटलेली शिंपल्यांतली कालवे मेली. कालवे फोडून जगणारी आनशी कुबल कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागली. बोटीची मालक कंपनी म्हणाली, लढाईवर गेली तेव्हाच बोट सरकारची झाली. सरकार म्हणाले, ते सरकार गेले. आनशी परत येऊन म्हणाली, “तरंगत होती तवसर धनी होते. बुडली नि रांडावली.”

पुढे तांब्याचा भाव चढला, तसा कंपनीचा साहेब हजर झाला. बोट आमची, तिच्यातले तांबे आमचे, फक्त पाणबुडे द्या, म्हणाला. गावाने रीत सांगितली. आधी धन्याने नारळ ठेवायचा, गावकाराने गाऱ्हाणे घालायचे आणि दर वाक्याला धन्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे.

आनशीचा दीर बाबल गावकार होता. त्याने हात जोडले. “बा देवा म्हाराजा, ही बोट ह्या लेकराची असा.”

“व्हय म्हाराजा.”

“तेचा तांबा तेका गावांदे.”

“व्हय म्हाराजा.” साहेबाला आता सूर सापडला होता.

मागून आनशी कुजबुजली, “भावजी, तेलाचा ऱ्हवला.”

“आनि तेचा सगळा तेल आधी तोच घेऊन जांवदे.”

“व्हय म्हाराजा.”

नारळ फुटला, तेव्हा कुठे साहेब चपापला. “हे नुसतं म्हणायचं असतं ना?”

“माका काय इचारतास?” आनशी म्हणाली. “तुमी देवाक सांगलास.”

तेल निघेपर्यंत एकाही पाणबुड्याने तांब्याला हात लावला नाही. साहेब चिडला, मग रुसला, शेवटी त्याने पंप आणला. पिंपेच्या पिंपे भरून तेल गेले, आणि त्यानंतरच तांबे. पुढच्या थंडीत खडपावर नखाएवढी कालवे धरली, असे सांगतात. आनशीने ती त्या वर्षी कुणाला काढू दिली नाहीत.

आजही नारळी पुनवेला गावकार प्रत्येक होडीसमोर थांबतो आणि तिच्या धन्याकडून वदवून घेतो, “होडी माझी, बुडली तरी माझी.” एवढे म्हटल्याशिवाय खवळेवाडीत कुणाला होडी पाण्यात लोटता येत नाही.